चपलेचे नाव आणि नावाचा हक्क



साहित्याच्या व्यासपीठावर एका होमिओपॅथी डॉक्टराने चपलेवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. त्यातून मी जैन. आमच्या घरात चामडे वापरत नाहीत. तरी हा विषय मी मुद्दाम घेतला आहे. बौद्धिक संपदेच्या कायद्यावरून अलीकडे देशात जो मोठा वाद झाला, तो आपल्याच भागातल्या एका वस्तूवरून झाला. आणि त्यातून उरलेला प्रश्न शेवटी नाव लिहिण्याचा आहे. तो साहित्य संघापुढे मांडायचा नाही, तर कुठे मांडायचा?

प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीच्या फॅशन शोमध्ये काही पुरुष पायात चपला घालून चालले. अंगठ्याचे कडे, आडवे पट्टे, सपाट तळ. कोणीही मराठी माणूस ती चप्पल पाहून ‘ही कोल्हापुरी’ असेच म्हणेल. कंपनीने मात्र तिला नुसते ‘लेदर सँडल’ म्हटले. एका जोडाची किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. इकडे गदारोळ उठला. त्यानंतर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केले, की या चपलांची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक हस्तकलेची आहे.

आपण म्हणालो, चोरी झाली. कायद्याला विचारले, तर तो काय म्हणतो?

कायद्याच्या घरात वेगवेगळे कप्पे आहेत. नवा शोध लावला तर पेटंट, वीस वर्षांसाठी. नवा आकार केला तर डिझाइनची नोंदणी, आधी दहा वर्षे आणि मग आणखी पाच. कविता-कादंबरी लिहिली तर कॉपीराइट, लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे. आता कोल्हापुरी चप्पल यांपैकी कुठल्या कप्प्यात ठेवणार? ती नवा शोध नाही. तिचा आकार पिढ्यानपिढ्यांचा, म्हणून डिझाइनचा कायदा तिला नवी मानणार नाही. आणि तिचा कर्ता कोण, हे सांगता येत नाही. जात्यावरच्या ओव्यांचे जसे झाले, तसेच हिचे. हजारो हातांनी केली, पण कोणी खाली सही केली नाही. ज्या वस्तूखाली सही नाही, तिला कायदा मालक देत नाही.

राहिला एक कप्पा, भौगोलिक संकेताचा, ज्याला आपण जीआय म्हणतो. हा कायदा १९९९ चा, अमलात आला सप्टेंबर २००३ मध्ये. तो समजण्यासाठी माझ्या कपाटातले उदाहरण देतो. अर्निकाची बाटली तीन कंपन्यांची असू शकते. अर्निका हे नाव तिघींपैकी एकीचेही नाही, आणि बाटलीवरचे कंपनीचे नाव मात्र फक्त तिचे. जीआय या दोहोंच्या मधला. ते नाव एकाचे नसते आणि सगळ्या जगाचेही नसते. ते एका मुलखाचे आणि तिथे ती वस्तू करणाऱ्यांचे असते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, कोल्हापूरचा गूळ ही आपल्या शेजारची उदाहरणे.

कोल्हापुरी चपलेची अशी नोंद डिसेंबर २०१८ मध्ये झाली. त्या नोंदीत आठ जिल्हे आहेत : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मालक म्हणून नावे आहेत दोन सरकारी महामंडळांची. महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो निकाली निघेल तेव्हा निघेल. पण अथणी, मदभावी, निपाणी इथे म्हशीचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावून, खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेले पायताण ‘कोल्हापुरी’च आहे, हे दोन्ही राज्यांनी एका कागदावर सही करून मान्य केले आहे. नकाशाने जे तोडले, ते चपलेच्या नोंदीने जोडले. सीमाभागातल्या माणसाने ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग मिलानच्या बाबतीत हा कायदा का चालला नाही? तो नावाचे रक्षण करतो, आकाराचे नाही. कंपनीने ‘कोल्हापुरी’ हे नाव वापरलेच नव्हते. शिवाय आपली नोंद भारतापुरती. युरोपीय संघाशी अशा नावांच्या परस्पर संरक्षणाची बोलणी २०२२ पासून चालू आहेत. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. १६ जुलै २०२५ रोजी ती फेटाळली गेली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की नोंदणीकृत मालकांना तक्रार असेल तर त्यांनी यावे, इतरांनी त्यांच्या वतीने येण्याचे कारण नाही. पुढे डिसेंबरात त्याच दोन महामंडळांशी कंपनीचा करार झाला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड, किंमत सुमारे आठशे युरो, आणि कारागिरांना प्रशिक्षण.

या करारावर दोन मते आहेत. एक म्हणते, मान मिळाला, बाजार मिळाला. दुसरे म्हणते, दोन हजार जोडांनी किती घरे चालणार? आम्हा जैनांना एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय लावलेली असते, म्हणून मला दोन्हींत तथ्य दिसते. आकाराला कायमचे कुलूप लावा, या मागणीच्या मी विरुद्ध आहे. कापशीची चप्पल वेगळी, अथणीची वेगळी. एकाने दुसऱ्याचे पाहून पट्टा बदलला, वेणी बारीक केली, म्हणून ही कला वाढली. आकाराला कुलूप लागले तर उद्या निपाणीचा पोरगाच आत कोंडला जाईल. पण घेताना कोणाचे घेतले हे सांगायला काय हरकत आहे? जगही हळूहळू तिकडे वळते आहे. मे २०२४ मध्ये जिनिव्हात झालेल्या करारानुसार वनस्पती किंवा परंपरागत ज्ञानावर आधारलेले पेटंट मागताना त्याचे मूळ सांगावे लागेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात रियाधला डिझाइनचा करार झाला. परंपरागत कलेची माहिती अर्जदाराकडून मागण्याची मुभा त्यात देशांना आहे.

जैन श्रावकाच्या अचौर्य व्रतात चोरीची व्याख्या मोठी बारीक आहे. जे दिलेले नाही ते घेणे, ते अदत्तादान. या व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत एक आहे प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा नकली माल खरा म्हणून विकणे. शेकडो वर्षांपूर्वीचा तो जणू जीआयचाच कायदा आहे.

आता या मापाने मिलान बाजूला ठेवून आपला बाजार पाहा. रेक्झिनची, प्लॅस्टिकच्या तळाची, कुठल्या तरी कारखान्यात यंत्रावर निघालेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून जत्रेत, लग्नसराईत, आपल्या डोळ्यांदेखत विकली जाते. प्राडाने नाव घेतले नाही. इथे मात्र खोट्या मालावर नावच लावले जाते. जो कायदा मिलानमध्ये लंगडा पडला, तो इथे दोन्ही पायांवर उभा आहे. त्याला हाक कोणी मारत नाही. चामडे न वापरणाऱ्यांनी कापडी वहाण जरूर घ्यावी, आमच्या घरात तीच येते. पण तिला कोल्हापुरी म्हणू नये. अहिंसा पाळताना दुसऱ्याच्या नावाची चोरी होऊ नये.

हाक कोण मारू शकतो? मालक महामंडळे, आणि त्यांच्याखेरीज आणखी एक जण : ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून चेन्नईच्या नोंदवहीत ज्याचे नाव आहे, असा प्रत्यक्ष कारागीर. कायदा त्याला नाव वापरण्याचा आणि नकली मालाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देतो. हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, पण कारागीर गेल्यावर वारसाकडे जातो. म्हणजे हा कागद जमिनीच्या उताऱ्यासारखा आहे. ज्याचे नाव त्यात नाही, त्याचे हात कितीही कसबी असले तरी कायद्यापुढे तो परका.

लिहिलेल्याचे मोल किती, ते हळदीने दाखवले आहे. हळदीने जखम भरते, या ज्ञानावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते, एवढ्यावर ते रद्द झाले नाही. जुने ग्रंथ, छापलेले शोधनिबंध पुढे ठेवले तेव्हा झाले. आजीचे ज्ञान टिकले ते कोणीतरी लिहून ठेवले होते म्हणून.

साहित्य संघाचे काम मला इथे दिसते. आपल्या घरांत शिकलेली माणसे आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, कागदपत्रांची सवय आहे. चप्पल करणाऱ्या चर्मकार घरांत कला आहे, पण अर्ज भरायला कोणी बसत नाही. पिढ्यानपिढ्या त्यांना उंबऱ्याबाहेर उभे करून आपण त्यांचे पायताण घातले. आता त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसण्याची पाळी आपली आहे. निपाणी, अथणीच्या एकेका वस्तीत दोन-दोन कार्यकर्त्यांनी जावे. प्रत्येक कारागिराचा अर्ज भरून द्यावा. वेणी घालणाऱ्या बायकांची नावेही विसरू नयेत, कारण ते काम बहुधा त्यांचेच असते. त्याच बैठकीत त्यांच्या हत्यारांची, टाक्यांची, चपलेच्या भागांची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून घ्यावीत आणि पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत छापावीत. ती आपली वाङ्मयसेवाच ठरेल, आणि उद्या कुठे वाद उभा राहिला तर पुरावाही.

आपण सीमाभागातली माणसे नावाची किंमत जाणतो. पाटीवरच्या नावासाठी आपण किती वर्षे झगडलो! तेच मोल चपलेच्या मागे बसलेल्या माणसाच्या नावाला द्यावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.