पावसाळ्यातली हॉकी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच ठिकाणी मी लोणच्याविषयी बोलले होते. यंदा हॉकीविषयी बोलणार म्हटल्यावर कित्येकींनी तोंडाला पदर लावला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हॉकीची काठी मी हातात घेते ती केर काढताना आड येते म्हणून! पण घरात खेळणारी मुलगी असली की आईलाही चार गोष्टी शिकाव्या लागतात.

आपल्या परभणीकडची काळी माती कापसाला गुणाची खरी, पण एक मोठा पाऊस झाला की तिच्यात चप्पल रुतून बसते, मग चेंडू कुठला पळणार? पाऊस लागला की मुलींच्या काठ्या दाराआड जाऊन उभ्या राहतात. २९ ऑगस्टला ध्यानचंदांच्या जन्मदिवशी क्रीडादिन येतो, तोही चिखलातच. गेल्या श्रावणात माझ्या मुलीने व तिच्या मैत्रिणीने आमच्या ओसरीत खेळ मांडला आणि पाण्याचा माठ फोडला. मी दोघींना फार बोलले. दसऱ्यानंतर मैदान वाळले, तोवर त्या मैत्रिणीचा खेळ सुटला होता. चार महिने काठी हातात नाही, तेव्हा घरचे म्हणाले, आता कशाला पुन्हा? त्या पोरीची चुटपुट मला अजून आहे, म्हणून आज हे बोलणे.

हॉकी छपराखालीही खेळतात, हे मला मुलीने मोबाईलवर दाखविले. १९५० च्या सुमारास हा खेळ जर्मनीत सुरू झाला. तिकडे थंडीत मैदाने बर्फाखाली जातात; आपला चिखल, त्यांचा बर्फ, अडचण एकच. पुढे २००३ साली लाइपझिग शहरात त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि पुरुषांचा व स्त्रियांचा असे दोन्ही चषक जर्मनीनेच घेतले.

खेळ असा. जागा सुमारे १३० फूट लांब व ६५ फूट रुंद. एका बाजूला सहाजणी, त्यांतली एक गोल राखणारी. दहा-दहा मिनिटांचे चार भाग, आणि दमलेल्या मुलीला बाहेर घेऊन दुसरी कितीही वेळा पाठवावी. मुख्य गोष्ट ही की चेंडूला काठीचा फटका मारावयाचा नाही. काठी चेंडूला टेकवून तो ढकलावयाचा, आपण केर पुढे लोटतो तसा. चेंडू जमिनीवरूनच गेला पाहिजे; गोलासमोरच्या अर्धवर्तुळातून गोलावर मारताना तेवढा उचलता येतो. गोलही त्या अर्धवर्तुळातूनच झाला तर धरतात.

दोन्ही लांब बाजूंना चार इंच उंचीच्या फळ्या लावलेल्या असतात. मला सर्वांत मौज वाटली ती त्यांची. कॅरमची सोंगटी कडेला आपटून परत येते ना, तसा चेंडू फळीला लावून पलीकडच्या मैत्रिणीकडे पाठवावयाचा. समोर कोणी अडवून उभी असली तरी तो तिच्या बगलेने निघून जातो! ज्या घरी कॅरम खेळतात तेथील मुलींना हे लवकर साधेल असे मला वाटते.

फळ्या लावून खेळावयाचा एक पाचजणींचा प्रकारही आहे, तो उघड्यावर खेळतात. २०२४ च्या जानेवारीत मस्कतला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा आपल्या देशाच्या मुली दुसऱ्या आल्या. त्या संघात अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या दोघी आपल्या महाराष्ट्रातल्या, सातारा जिल्ह्यातल्या होत्या.

आता कामाचे बोलते. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने फारशी नसतात, म्हणजे ज्या महिन्यांत मैदान बंद त्याच महिन्यांत मंगल कार्यालये रिकामी. आपल्या मंडळातल्या एका भगिनीच्या घरचे कार्यालय मी पावलांनी मोजून आले. ८० फूट लांब, ४० फूट रुंद भरते. सहाजणींना अपुरे, पण चार-चारजणींना पुष्कळ आहे. फरशीला ओरखडे पडतील अशी शंका त्यांच्या यजमानांनी काढली. लग्नात आचारी पातेली फरफटत नेतात, तेव्हा फरशीची काळजी केलेली मी तरी पाहिली नाही! फटका मारावयाचाच नसल्याने काचांनाही भय कमी. फरशी ओली असेल त्या दिवशी मात्र खेळ ठेवावयाचा नाही, पाय घसरून कोणी पडेल.

फळ्यांच्या जागी चार इंची वासे चालतील. सुताराला विचारून ठेविले आहे. आठवड्यातून तीन दिवस, चार ते सहा, एवढीच वेळ मी मागते. आळीपाळीने आपल्यापैकी दोघींनी तेथे बसावे, म्हणजे घरच्यांनाही मुली पाठवावयास संकोच वाटणार नाही. पहिल्या आठवड्याला मी बसेन. त्या मैत्रिणीच्या आईकडे मी उद्या जाणार आहे. कोणी बरोबर येत असाल तर सभा संपल्यावर सांगावे.