कोरियन शेवया आणि आपले स्वयंपाकघर



के. आर. पुरममधील आपल्या घरांतही मुले पाकिटातल्या कोरियन शेवया, म्हणजे रामेन, आवडीने खातात. त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या मला खटकते ते मीठ! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमांहून कमी मीठ सुचवते; त्यातील बराच वाटा एका पाकिटातच संपतो. म्हणून मसाल्याची पुडी निम्मीच घालावी.

उणी पडलेली चव अन्य मार्गाने आणता येते. प्रथम तेलात लसूण व पातीचा कांदा परतावा. मग मंद आचेवर ब्याडगी मिरचीची पूड घालावी. आपल्या हावेरी जिल्ह्यातील ही मिरची रंगाला गडद, तिखटाला सौम्य. कोरियन मिरचीपुडीची जणू बहीणच. तिचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नव्हे. नंतर पाणी आणि अर्धा चमचा गोचुजांग, म्हणजे मिरची, तांदूळ व आंबवलेले सोयाबीन यांचे मुरलेले वाटण. तेही खारटच, तेव्हा हात आखडता ठेवावा.

किमची शिजवायची तर जुनी, आंबट झालेली घ्यावी. शाकाहारी कुटुंबांनी मात्र बरणीवरील मजकूर वाचावा. तीत पुष्कळदा खारवलेली कोळंबी असते. आमच्याकडे ती कोबीची, घरीच मुरवतात.