नोंद झालेलं बाळ

बाळंतपण घरातच झालं आणि दोन दिवसांत बाळ दगावलं, तर सरकारदरबारी त्याची नोंद कुठली? ना जन्माची, ना मृत्यूची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ही मोजदाद मनावर घेतली. गावातलाच माणूस जन्म-मृत्यू टिपतो. शिवाय घरोघरी फिरून पडताळा होतो. मूल गेलं असेल तर आईवडिलांना विचारायचं: धाप लागली होती का? अंगावर पीत होतं का? त्यावरून कारण ठरवायचं. प्रश्नावली उरकणाऱ्याचं हे काम नव्हे.

नुसत्या मोजणीवर न थांबता, 1995 पासून 39 गावांत संस्थेच्या आरोग्यदूत बाया बाळाचं वजन, ताप, श्वास घरीच तपासू लागल्या. तुलनेला 47 गावं होती. त्यांच्या मानाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी, हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. पुढे आशाताईंच्या कामात ही पद्धत आली.

पुणे जिल्ह्यात वढू परिसरातल्या 22 गावांतही केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र जन्म-मृत्यूच्या अशाच नोंदी ठेवतं. तिथली डोकेदुखी निराळी: कारखान्यांमुळे भाडेकरू सारखे बदलतात, आणि कोण आलं, कोण गेलं हेही टिपावंच लागतं.