जुन्या ट्रॅक्टरचें थांबणें

यंत्र चालूं झालें कीं दुरुस्ती संपली, असा एक सार्वत्रिक समज आहे. विहिरीवरच्या पंपाविषयीं तो एक वेळ चालेल. परंतु गवत कापणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरविषयीं तो घातक ठरतो. असा ट्रॅक्टर चालतो कसा, यापेक्षां थांबतो कसा, हें आधीं पाहावें लागतें. अमेरिकेंतील फोर्ड कारखान्याचा ‘८ एन’ हें याचें उत्तम उदाहरण होय.

हेन्री फोर्ड व हॅरी फर्ग्युसन यांनीं १९३८ सालीं केवळ तोंडी करार केला आणि १९३९ मध्यें ‘९ एन’ हा ट्रॅक्टर बाजारांत आला. तीन दांड्यांनीं अवजार मागें जोडून तें तेलाच्या दाबानें उचलावयाचें, ही फर्ग्युसन यांची युक्ति त्यांत होती. पुढें करार मोडला. १९४७ ते १९५२ या काळांत फोर्ड कारखान्यानें ‘८ एन’चे पांच लाखांहून अधिक नग तयार केले. त्यांतील कित्येक आजहि तेथील लहान शेतांवर कुरणें कापीत आहेत. याचें कारण रचनेचा साधेपणा. चार सिलिंडरांचें इंजिन आणि सहा व्होल्टांची बॅटरी. साधीं हत्यारें हाताळणारा शेतकरीहि तो उघडूं व जोडूं शकतो.

कुरणाचें काम धुळीचें व कुसळांचें. म्हणून हवा गाळणाऱ्या भांड्यांतील तेल वरचेवर पाहावें. गाळ सांचला असल्यास तें टाकून, भांडें पुसून, खुणेपर्यंत नवें भरावें. रेडिएटरच्या जाळींत अडकलेलें गवताचें बीं काढावें, नाहीं तर पाणी उकळूं लागतें. गिअर, मागचा आंस व उचलण्याची यंत्रणा या तिहींस एकच तेल पुरतें. तें दुधासारखें पांढुरकें दिसूं लागलें, तर आंत पाणी शिरलें असें समजून सर्व तेल बदलावें. बॅटरीचें धन टोंक येथें सांगाड्यास जोडलेलें असतें. आजच्या मोटारींच्या सवयीनें उलट जोडणी करूं नये.

एवढें केलें कीं इंजिन सुरेख चालतें. खरी परीक्षा पुढेंच आहे. हा ट्रॅक्टर घडला त्या काळीं गवत बहुधा दांतेरी पट्टीच्या यंत्रानें कापीत. क्लच दाबला कीं ती पट्टी थांबे. नंतर जड पातें गरगर फिरविणारें यंत्र मागें जोडण्याची रीत पडली. क्लच दाबल्यावरहि हें पातें आपल्या वेगानें फिरतच राहतें. ‘८ एन’मध्यें अवजार फिरविणारा दांडा गिअरपेटींतूनच निघतो, त्यामुळें फिरतें पातें उलट गिअरांस आणि गिअर मागच्या चाकांस फिरवितात. चालकानें पेडल तळापर्यंत दाबलेलें असतें, आणि तरीहि ट्रॅक्टर समोरच्या कुंपणाकडे, ओढ्याकडे किंवा माणसाकडे जातच असतो.

यावर उपाय साधा आहे. एकाच दिशेनें ओढणारा जोड त्या दांड्यावर बसवावा. सायकलस्वारानें पाय स्थिर ठेवले तरी चाक फिरत राहतें, पण तें पायांस फिरवीत नाहीं. तेंच तत्त्व येथें आहे. या जोडानें दांड्याची लांबी कांहीं इंच वाढते. तेव्हां अवजाराकडील दांडा बेतानें कमी करून घ्यावा, नाहीं तर यंत्र उचलतांना तो ताठून गिअरपेटीस धक्का देईल. गंजलेला जोड मात्र असून नसल्यासारखा. म्हणून हंगामापूर्वीं इंजिन बंद ठेवून तो हातानें फिरवून पाहावा. एका दिशेस मोकळा व दुसऱ्या दिशेस घट्ट लागला पाहिजे.

ब्रेकविषयींहि हाच विवेक हवा. मागच्या आंसाचें तेल अडविणारें कडें झिजलें म्हणजे तेल ब्रेकच्या अस्तरावर उतरतें. अस्तर नवें घालून कडें जुनेंच ठेवलें, तर थोड्याच दिवसांत तेंहि भिजतें. ट्रॅक्टर उलटल्यास चालकास वांचविणारी कमान कारखान्यानें या ट्रॅक्टरास दिलेली नव्हती. म्हणून उतारावरच्या कुरणांत ब्रेकवर जिवाचा भार असतो.

शेवटीं, कुरणांत शिरण्यापूर्वीं मोकळ्या सपाट जागेंत, आसपास कोणी नसतां, पातें फिरवावें, ट्रॅक्टर सावकाश हांकावा आणि क्लच दाबावा. तो जागच्या जागीं उभा राहिला, तरच दुरुस्ती झाली असें म्हणावें.