मोटारींतील डोक्यामागचा टेका

नव्या मोटारींतील डोक्यामागचा टेका मान पुढें ढकलतो, दूरच्या प्रवासांत ती अवघडते, अशी तक्रार अमेरिकेंत वारंवार ऐकूं येते. कित्येकजण त्रासून तो उपसून काढतात, नाहीं तर उलटा बसवितात. परंतु हा टेका म्हणजे विसाव्याची उशी नव्हे. मागून दुसरी गाडी आदळली असतां आसन धडास पुढें लोटतें. डोकें मात्र क्षणभर जागींच राहतें आणि मान हिसकली जाते. हा हिसका आवरण्यासाठींच त्या देशानें १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढील आसनांस टेका सक्तीचा केला. पुढें २००४ च्या सुधारित नियमानें डोकें व टेका यांतील अंतर ५५ मिलिमीटरांहून अधिक नसावें असें ठरविलें. हें अंतर मोजतांना आसनाची पाठ कांहींशी मागें कललेली धरतात. म्हणून ताठ बसणाऱ्यास टेका अधिक खुपतो.

तेव्हां टेका काढूं नका. आसनाची पाठ थोडथोडी मागें कलवून पाहा. टेका पुढेंमागें सरकत असेल तर एकेक खांच मागें न्या. त्याची वरची कड मात्र कानांच्या खालीं जाऊं देऊं नका. आणि गाडी विकत घेण्यापूर्वीं तींत अर्धा तास स्वस्थ बसून पाहा. मानेची संमति तेथेंच घेतलेली बरी.