शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करण्याची रीत मराठी घरांत फार जुनी आहे. पातेल्यांतील एक शीत बोटांनीं चेपून पाहिलें कीं गृहिणीला साऱ्या भाताचा अंदाज येतो. तो सहसा चुकत नाहीं. कारण सगळा तांदूळ एकाच पाण्यांत व एकाच विस्तवावर शिजलेला असतो, आणि शीत उचलणाऱ्या हाताला अमुक एका दाण्याविषयीं ममत्व किंवा आकस नसतो.

अलीकडच्या बाजारांत ही परीक्षा एका नव्या रूपानें अवतरली आहे. इंटरनेटवरून मागवावयाची वस्तु आधीं हातांत घेऊन पाहतां येत नाहीं. म्हणून ज्यांनीं ती पूर्वीं घेतली असेल त्यांचे अभिप्राय वाचावयाचे व त्यांनीं दिलेले तारे मोजावयाचे, असा शिरस्ता पडला आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत ॲमेझॉन ही पेढी इंटरनेटवरून पुस्तकें विकूं लागली, तेव्हां तिनें सामान्य वाचकांनाहि पुस्तकांवर बरेंवाईट मत लिहिण्याची मुभा दिली. त्या वेळीं नवी असलेली ही चाल आज सर्वत्र रुळली आहे. चपलेपासून दवाखान्यापर्यंत आणि खानावळीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना पांच ताऱ्यांचा तराजू लागू झाला आहे. या तराजूंत नक्की काय तोललें जातें, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

एकाच कारखान्यांतून एकाच दिवशीं बाहेर पडलेले पांच लिटरांचे दोन कुकर दोन घरीं गेले, अशी कल्पना करावी. पहिल्या घरीं नवराबायको दोघेंच. त्यांना कुकर ऐसपैस वाटतो. तीं त्याला पांच तारे देतात. दुसऱ्या घरीं आठ माणसें, आणि ऐन पाहुण्यांच्या पंगतींत वरण कमी पडलेलें. त्या घरची सून दोन तारे देऊन मोकळी होते. दोन्ही अभिप्राय प्रामाणिक आहेत. कुकर तोच, घर निराळें, गरज निराळी आणि दिवसहि निराळा. वस्तु व माणूस यांची गांठ कशी पडली, त्याची ती हकीगत असते. वाचणारा मात्र तिला वस्तूचें प्रशस्तिपत्र किंवा तिच्यावरील आरोपपत्र समजतो.

शिवाय अनुभव जसा घडतो तसाच तो आठवतो, असें नाहीं. पुढें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनीं १९९३ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका खेपेस १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यांत ६० सेकंद हात बुडवून ठेवावयाचा. दुसऱ्या खेपेस तेवढाच वेळ तशाच पाण्यांत हात ठेवल्यावर तो आणखी ३० सेकंद तसाच राहूं द्यावयाचा. मात्र तेवढ्या वेळांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत तापवावयाचें. यांपैकीं कोणती खेप पुन्हां पत्कराल, असें विचारतां बहुसंख्यांनीं दुसरी पत्करली. तींत त्रास अधिक वेळ होता. परंतु शेवट किंचित् सुसह्य असल्यामुळें आठवण सौम्य झाली. खानावळींतहि हेंच घडतें. तासभर रुचकर जेवून उठतांना बिलावरून खटका उडाला, तर घरीं पोंचेपर्यंत तोंडांत चव राहते ती त्या खटक्याचीच.

आभाळाचासुद्धां यांत हात असतो. अमेरिकेंतील उपाहारगृहांवरच्या असंख्य अभिप्रायांची पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. पावसाच्या वा हिमवृष्टीच्या दिवशीं लिहिलेलीं मतें निरभ्र दिवसांतील मतांपेक्षां कडवट असल्याचें तींत दिसून आलें. भिजत आलेल्या गिऱ्हाइकाचा वैताग स्वयंपाक्याच्या नांवें जमा होतो, याची दाद त्या बिचाऱ्यानें कोठें मागावी?

आतां मूळ म्हणीकडे वळावें. बाजाराच्या या पातेल्यांतील शितें कोणी उचलीत नाहीं. तीं आपण होऊन वर येतात. ज्याला वस्तु अतिशय आवडली तो लिहितो, आणि ज्याचा संताप अनावर झाला तोहि लिहितो. ज्याचें काम बिनबोभाट झालें तो कुकर मांडणीवर ठेवून आपल्या उद्योगाला लागतो. त्यामुळें एका टोकाला पांच ताऱ्यांची गर्दी, दुसऱ्या टोकाला एका ताऱ्याचा गलबला आणि मधलें अंगण ओसाड, असा देखावा उभा राहतो.

याची किंमत कोणाला मोजावी लागते? मायकेल लूका या अर्थशास्त्रज्ञांनीं २०११ सालीं सिॲटल शहरांतील उपाहारगृहांचा हिशेब मांडला. इंटरनेटवरील अभिप्रायांत एका ताऱ्याची वाढ झाली कीं उत्पन्न शेंकडा ५ ते ९ नीं वाढतें, असें त्यांना आढळलें. हा परिणाम स्वतंत्र धंदेवाल्यांवर होत होता. गांवोगांवीं शाखा असलेल्या नामांकित उपाहारगृहांवर तो दिसला नाहीं. ज्याचें नांव आधींच सर्वतोमुखीं आहे त्याला ताऱ्यांची मातबरी नाहीं. कोंकणांत घरच्या दोन खोल्या प्रवाशांना देणाऱ्या कुटुंबाला मात्र एका रागावलेल्या पाहुण्याच्या चार ओळी हंगामभर पुरतात.

खोटे अभिप्राय रोखण्याकरितां भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं एक मानक जाहीर केलें, हें योग्यच झालें. तथापि लबाडाला नियम आवरूं शकतो. प्रामाणिक पण एकांगी मताला आवर घालणें लिहिणाऱ्याच्याच हातीं असतें. घरांत माणसें किती, वस्तु कोणत्या कामासाठीं घेतली, ती किती दिवस वापरली, त्या दिवशीं काय बिनसलें होतें, एवढें त्यानें सांगितलें तरी त्याच्या रागाला व कौतुकाला नेमकें माप येईल. वाचणाऱ्यानेंहि तारे मोजण्यापूर्वीं बोलणारा कोण, व त्याचें घर आपल्या घरासारखें आहे काय, हें पाहावें. आणि ज्याला वस्तु निमूटपणें उपयोगी पडली, त्यानें दोन ओळी लिहिण्याचा आळस करूं नये. तीं मधलीं शितें हातीं लागूं लागलीं, म्हणजे भाताची परीक्षा पुष्कळ अंशीं खरी ठरेल.