एकोणिसावा परिच्छेद

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



औषधांच्या महागाईविषयी बोलताना कारखानदार, मंत्री आणि डॉक्टर यांची नावे घेतली जातात. किमतीचे धोरण प्रत्यक्ष कागदावर उतरवणारा अधिकारी मात्र कोणाच्या ध्यानीमनी नसतो. १९९७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणात असे अधिकारी बसतात. हे प्राधिकरण आरोग्य मंत्रालयाच्या नव्हे, तर रसायन व खते मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्या मंत्रालयाने औषधधंद्याची भरभराट पाहायची, त्याच्याच हाताखाली त्या धंद्याला वेसण घालण्याचे काम करायचे, असा हा संसार आहे.

या अधिकाऱ्याच्या हाती काय आहे? १९७९ च्या आदेशाने ३४७ औषधे किंमत-नियंत्रणाखाली होती. १९८७ साली ती १४२ झाली आणि १९९५ साली ७४ उरली. २०१३ च्या आदेशाने अत्यावश्यक औषधांची सगळी यादी नियंत्रणाखाली आणली खरी, पण त्याच वेळी हिशेबाची रीत बदलली. पूर्वी उत्पादनखर्च पाहिला जाई. आता बाजारात एक टक्का वा अधिक वाटा असलेल्या मालाच्या किमतींची सरासरी काढायची आणि तीत किरकोळ विक्रेत्याचे १६ टक्के मिळवायचे. म्हणजे ज्याच्या दरावर अंकुश ठेवायचा, त्याच्याच दरावरून अंकुशाची रेघ आखायची! शिवाय घाऊक निर्देशांक वाढला की त्याबरोबर ही रेघही वर सरकते. एप्रिल २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून अधिक सरकली.

या आदेशात एकोणिसावा परिच्छेद आहे. असाधारण परिस्थितीत, लोकहितासाठी, यादीबाहेरच्याही औषधाची किंमत ठरवण्याचा अधिकार तो देतो. ‘असाधारण’ म्हणजे काय, हे मात्र तो सांगत नाही. ते सांगण्याचा प्रयत्न मे २०१४ मध्ये प्राधिकरणाने मार्गदर्शक सूत्रे काढून केला. एकाच औषधाच्या निरनिराळ्या ब्रँडांत अवाच्या सवा तफावत असेल, आणि रोगी निवड करण्याच्या स्थितीत नसेल, तर ती परिस्थिती असाधारणच होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो बिनतोड होता. औषध निवडतो डॉक्टर आणि पैसे मोजतो रोगी. येथे बाजाराचा नियम चालावा तरी कसा? जुलैमध्ये मधुमेह व हृदयविकारावरील १०८ औषधप्रकारांच्या किमतींना मर्यादा पडली. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आदेशाने ती सूत्रे मागे घेण्यात आली! ठरवलेल्या किमती तेवढ्या राहिल्या. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१६ साली हरले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दाद दिली नाही. न्यायालयात टिकले ते मंत्रालयात टिकले नव्हते.

पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटवर मर्यादा आली. औषधलेपित स्टेंटची छापील किंमत सरासरीने सव्वा लाखाच्या घरात होती. ती २९,६०० रुपयांवर आणली गेली. साध्या स्टेंटची ७,२६० झाली. येथे छापील किमतीची सरासरी न घेता वितरकाला पडणारी किंमत धरण्यात आली, आणि तेथेच नफेखोरीचे बिंग फुटले. सर्वांत मोठा वाटा रुग्णालयांचा असून तो काही ठिकाणी ६५४ टक्क्यांपर्यंत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यावर एकोणिसावा परिच्छेद चालवण्यात आला. काही परदेशी कंपन्यांनी आपले नवे स्टेंट बाजारातून काढून घेण्याची परवानगी मागितली. धमकी म्हणावी ती याहून वेगळी काय असते?

परंतु हे हत्यार दुधारी आहे, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच परिच्छेदाच्या आधारे आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवण्यात आल्या. त्यांत क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन होते, दम्यावरचे सालब्युटामोल होते, बेंझिल पेनिसिलिन होते. ही गरिबांची, जुनी औषधे. कच्चा माल महागला, परवडत नाही, उत्पादन बंद करतो, असे अर्ज कंपन्यांनी केले होते. अधिकाऱ्याला यात केवळ लबाडी पाहून चालत नाही. औषध दुकानातून नाहीसे झाले तर कमी किमतीचा कागद रोग्याच्या काय उपयोगाचा? म्हणून त्याने वाढ दिली, आणि त्याच्या जागी बसलेल्या कोणालाही बहुधा तीच द्यावी लागली असती.

मात्र याच पेनिसिलिनसाठी पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली काढण्यात आला होता. आज अधिकाऱ्याच्या नस्तीत दोनच रकाने असतात: वाढ मंजूर, वाढ नामंजूर. हे औषध सरकारने स्वतः तयार करावे काय, असा तिसरा रकाना २०१३ च्या आदेशात नाही. तो मागण्यासाठी प्राधिकरणाच्या नव्हे, संसदेच्या दाराशी जावे लागेल.